सुखरूप आहात ना?

शंकेखोर : परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या माणसांनी इथल्या दंगलीबद्दल, आंदोलनाबद्दल दिलेला निवाडा मी चार हात लांबच ठेवतो. त्यांच्या हेतूवर माझा संशय नाही. पण ही माणसं दोन देशांतल्या अशांततेला दोन वेगळी मापं लावतात आणि ते त्यांच्या गावीही नसतं. ऑगस्ट २०२४ मधलं इंग्लंड घ्या. २९ जुलैला साउथपोर्टमध्ये मुलांच्या नृत्यवर्गावर चाकूहल्ला झाला, तीन लहान मुली गेल्या. हल्लेखोर होडीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे अशी थाप पसरली. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर विटा पडल्या, ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलला जमावाने आग लावायचा प्रयत्न केला, ६ तारखेला लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाने प्रवाशांना जपून राहण्याची सूचना काढली. अशा वेळी इकडून फोन गेला की तिकडून उत्तर ठरलेलं असतं : आमच्या भागात काही नाही, चार-दोन गल्ल्यांतला प्रकार आहे, टीव्हीवाले वाढवून दाखवतात. आणि ते उत्तर खरंच असतं, कारण दंगलीला पत्ता असतो. ती अमुक हॉटेलपाशी असते, तमुक चौकात नसते. पण हाच माणूस ३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनातली बीडची दृश्यं पाहतो. माजलगावात आमदाराचं घर पेटलेलं, बीड शहरात संचारबंदी, इंटरनेट बंद. लगेच म्हणतो, महाराष्ट्र पेटला, तिकडे आता राहण्यात अर्थ नाही. मग बीडच्या दंगलीला पत्ता नव्हता का? तिथेही शेजारच्या तालुक्यात बाजार भरत असेल, एसटीची वाट पाहणारे असतील, हे त्याला सुचतच नाही. राहतो तिथली अशांतता त्याच्या लेखी अपवाद, आणि सोडून आलो तिथली मात्र स्वभाव! निघून आलो ते बरंच केलं, हे स्वतःला पुन्हा पुन्हा पटवायला ही दोन मापं फार उपयोगी पडतात.

कैवारी : तुम्ही सांगितलेला दोष खरा आहे, पण तो परदेशस्थाच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. इंग्लंडला फोन करून ‘सुखरूप आहात ना?’ विचारणाऱ्या इथल्या नातेवाइकाच्या डोळ्यांपुढे तरी रॉदरहॅमचं एक हॉटेल कुठे असतं? त्याच्या लेखी अख्खं इंग्लंड जळत असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये लेस्टरला हिंदू आणि मुसलमान तरुण रस्त्यावर आले, तेव्हा त्या शहराचं नावही आधी न ऐकलेल्यांनी भारतात बसून समाजमाध्यमांवर किती धुरळा उडवला! त्यातल्या कितीतरी गोष्टींना बुडखा नव्हता. म्हणजे लांबून पाहणारा कोणत्याही बाजूला असो, मोठं करूनच पाहतो. हा अंतराचा दोष झाला. आणि अंतराला गुणही असतो, तो तुम्ही हिशेबातच धरला नाहीत. २५ जून १९७५ नंतरचे आणीबाणीचे एकवीस महिने पाहा. वृत्तपत्रांवर सेन्सॉर. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटजवळ घरं पाडली, विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. पुण्या-मुंबईच्या वाचकाला सकाळच्या पेपरात ते धड वाचायला मिळणं अशक्य होतं. अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या हातात येणाऱ्या पेपरांना ती कात्री नव्हती. तिथे ‘इंडियन्स फॉर डेमॉक्रसी’सारखे गट उभे राहिले, वकील राम जेठमलानींना अमेरिकेचा आसरा घ्यावा लागला आणि ते तिथून बोलत राहिले. त्या काळात घरात बसलेल्याला घर शांत वाटत होतं. गाड्या वेळेवर धावतात म्हणून कौतुक चाललं होतं. घराबाहेरच्यालाच कळत होतं की ही शांतता दाबून आणलेली आहे.

शंकेखोर : आणीबाणीचा दाखला मला मान्य आहे, पण तो दाखला बातमीच्या दुष्काळाचा आहे. आज दुष्काळ नाही, पूर आहे. पुरात माणूस आपल्याला हवं तेच पाणी ओंजळीत घेतो. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसलेल्याला आज जालन्याची बातमी जालन्याइतकीच लवकर कळते. फरक एवढाच की जालनेकर ती बातमी रस्त्यावर जाऊन ताडून पाहू शकतो. १ सप्टेंबर २०२३ ला जालन्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर कोण कुणाला काय म्हणालं, कोणत्या गावात एसटी अडवली, कोणत्या गावात मराठा आणि ओबीसी शेजाऱ्यांनी एकमेकांकडे जाणं टाळलं, हे चित्रफितीत येत नाही. ते किराण्याच्या दुकानात कळतं. आणि बातमीपेक्षा मोठी अडचण जबाबदारीची आहे. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९९२ मध्येच लांबून केलेल्या राष्ट्रवादाबद्दल बजावलं होतं : अशा माणसाला मायदेशी कर भरायचा नसतो, तुरुंगात जायचं नसतं, तिथल्या न्यायालयाला तोंड द्यायचं नसतं; तरी तो पैसा, प्रचार आणि संताप मात्र पाठवू शकतो. त्या वर्षाच्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत ज्या दंगली झाल्या, त्यांची किंमत जोगेश्वरीने, बेहरामपाड्याने, धारावीने मोजली. लांबून त्या दोन महिन्यांबद्दल कडक मत बाळगणाऱ्याने त्यासाठी काय मोजलं?

कैवारी : किंमत मोजण्याचा मुद्दा काढलात तर मागे जावं लागेल. ४ सप्टेंबर १९०७ ला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या हिंदी मजुरांना, त्यांत बहुतेक शीख होते, घरांतून ओढून गावाबाहेर हाकललं. ब्रिटिश साम्राज्याची प्रजा असूनही साम्राज्याने त्यांच्यासाठी बोट हलवलं नाही. त्याच किनाऱ्यावर १९१३ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्धची गदर चळवळ उभी राहिली आणि तिच्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. घरच्या गुलामीचा अर्थ त्या मजुरांना परदेशात मार खाताना कळला. शेजारच्या दंगलीने त्यांना मायदेश नीट दाखवला, असं मी म्हणेन. दोन ठिकाणची अशांतता पाहणारा माणूस दरवेळी दोन मापं लावतो असं नाही. कधी कधी एका ठिकाणच्या अनुभवाने दुसरीकडचं कुलूप उघडतं.

शंकेखोर : गदरचं नाव तुम्ही घेतलंत ते बरं झालं. गदरवाले परतले. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेहून आले, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. त्यांचं मत मी डोक्यावर घेतो, कारण ते मत घेऊन बोटीत बसले. आजचा परदेशस्थ मत घेऊन दिवाणखान्यात बसतो. २०२४ च्या लोकसभेला अनिवासी मतदारांची नोंद एक लाख एकोणीस हजारांच्या घरात होती. मतदानाला आले २,९५८, आणि तेही बहुतेक केरळात. विमानाचं तिकीट महाग असतं, रजा मिळत नाही, सगळं खरं. पण इथल्या सरकारने कुणावर लाठी चालवावी आणि कुणावर नाही याबद्दल ज्यांची मतं इतकी ठाम, त्यांच्यातले इतके थोडे ते सरकार निवडायला येतात, हे नजरेआड कसं करायचं?

कैवारी : पिंगळ्यांची मोजपट्टी लावलीत तर इथल्याही किती जणांना बोलायचा हक्क उरेल? किंमत फाशीनेच मोजली पाहिजे असं नाही. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून विद्यार्थ्यांवर गोळ्या चालत होत्या, तेव्हा संयुक्त अरब अमिरातीत मजुरी करणारे बांगलादेशी रस्त्यावर उतरले. तिथे निदर्शनं हाच गुन्हा. काही दिवसांत ५७ जणांना शिक्षा झाल्या : तिघांना जन्मठेप, ५३ जणांना दहा वर्षं, एकाला अकरा. ढाक्यात सत्तापालट झाल्यावर सप्टेंबरात त्यांना माफी मिळाली, पण घोषणा देताना ती मिळेल हे कुणाला ठाऊक होतं? हे लोक ढाक्याला परतले नव्हते. त्यांनी मायदेशाच्या अशांततेची किंमत परक्या देशात मोजायची तयारी दाखवली. आपल्याकडेही परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं ओसीआय कार्ड हातातून जाऊ शकतं. स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या प्राध्यापकाचं कार्ड सरकारने रद्द केलं, त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात भांडावं लागलं. म्हातारी आई इथे आणि व्हिसाची टांगती तलवार तिथे, अशा माणसाने तोंड उघडलं तर त्याला दिवाणखान्यातला शूर म्हणणं मला पटत नाही.

शंकेखोर : ५७ जणांपुढे मी मान झुकवतो. पण बघा, ते दुबईचे व्यापारी नव्हते. तिथला कुठलाही दिवाणखाना त्यांचा नव्हता.

कैवारी : तेच मला म्हणायचं आहे! म्हणजे प्रश्न मैलांचा नाही. कोरेगाव भीमा पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू बुद्रुकला समाधीजवळच्या एका फलकावरून वाद पेटला, १ जानेवारीला कोरेगाव भीमात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एक तरुण मारला गेला, ३ तारखेला महाराष्ट्र बंद. पुण्याच्या पश्चिम भागातल्या कित्येक घरांत त्या बंदची आठवण शाळेला मिळालेली सुट्टी एवढीच असणार. त्याच दिवशी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीशेजारी महामार्ग अडवला गेला. ११ जुलै १९९७ ला याच वस्तीत पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं गेली होती. तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे महामार्ग कधीच नुसता महामार्ग नसतो. आता न्यू जर्सीतल्या एकाच इमारतीत राहणारे दोन मराठी अभियंते घ्या. एकाचे नातेवाईक त्या वस्तीतले, दुसऱ्याचे डेक्कन जिमखान्यावरचे. दोघं मुंबईपासून सारखेच लांब. पहिला १९९७ पाहतो, दुसरा विमानतळाच्या वाटेवर अडकलेली गाडी पाहतो. दुसऱ्याची नजर ही परदेशस्थाची नजर आहे, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन ती त्याने इथूनच नेली. तुम्ही ज्याला परदेशस्थाचा दोष म्हणता तो पासपोर्टवर शिक्का बसण्याच्या कितीतरी आधी जडलेला असतो.

शंकेखोर : इथे तुम्ही मला जागा सोडायला लावलीत. ठीक आहे, अंतर सोडून देऊ, पायरी धरू. माणूस अशांततेकडे स्वतःच्या पायरीवरून पाहतो. मग तर परदेशस्थाचं आणखी अवघड होतं, कारण त्याच्या पायऱ्या दोन असतात. इथे तो बहुधा वरच्या पायरीचा, पोलीस ज्याच्या तक्रारीची दखल घेतात त्यातला. तिथे तो गव्हाळ रंगाचा, परक्या नावाचा. इथे आंदोलन दिसलं की कायदा-सुव्यवस्था आठवते, तिथे आपल्या देवळाच्या भिंतीवर कुणी काही खरडलं की हक्क आठवतात. आणि तिथेही तो नेहमी खालीच असतो असं नाही. लॉस एंजेलिसमधल्या कोरियन दुकानदारांचं उदाहरण मला विसरता येत नाही. मार्च १९९१ मध्ये पावणेदोन डॉलरच्या संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून एका कोरियन दुकानदार बाईने पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला गोळी घातली. न्यायालयाने तिला तुरुंगात पाठवलं नाही. पुढच्या वर्षी २९ एप्रिलला रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि शहर पेटलं. कोरियनांची दोन हजारांहून जास्त दुकानं लुटली, जाळली गेली, आणि पोलीस श्रीमंत गोऱ्या वस्त्या राखत राहिले. त्या दुकानदारांना ती लूट दिसली, काळ्या वस्तीला तो साठलेला हिशेब दिसला. गल्ल्याच्या मागे उभ्या असलेल्या स्थलांतरिताला खालची पायरी आणि वरची पायरी एकाच वेळी भोगावी लागली. अशा माणसाकडून निखळ मताची अपेक्षा कशी करायची?

कैवारी : निखळ मत कुणाकडूनच मागू नका. पण दोन पायऱ्यांवर उभं राहिल्याने माणूस नेहमी दांभिकच होतो हे मात्र खरं नाही. २०२० च्या मे महिन्यात पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर मिनिआपोलिसमध्ये पोलीस ठाण्याजवळचं ‘गांधी महल’ हे उपाहारगृह जळालं. मालक रुहेल इस्लाम बांगलादेशातून आलेले. जळण्याआधी त्याच उपाहारगृहात जखमी निदर्शकांची मलमपट्टी चालली होती. इमारत जळाली तर जळू दे, न्याय झाला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली, आणि मागे सोडलेल्या देशातल्या पोलिसी जाचाशी तिचं नातंही सांगितलं. १९९२ च्या कोरियन दुकानदारांचा राग खोटा नव्हता, आणि ही भूमिकाही खोटी नव्हती. दोघंही स्थलांतरित, दोघांचंही दुकान गेलं. एकाला मागच्या देशाने काही शिकवलं होतं. आणि स्थलांतरित हा दंगलीचा प्रेक्षक किंवा बळी एवढाच असतो हेही तुम्ही गृहीत धरून चालला आहात. कोकणातून इस्राएलला गेलेले बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे, त्यांच्या ज्यूपणावरच १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने शंका घेतली. इतर ज्यूंशी लग्न करायचं तर वंशाची चौकशी होईल म्हणाले. त्यांनी १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, इस्राएलच्या संसदेला लक्ष घालावं लागलं आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. म्हणजे तिथल्या बातमीत अशांतता माजवणारे आपलेच मराठी लोक होते.

शंकेखोर : ही माणसं तुमच्या बाजूची आहेत, मान्य. पण शिकलेला धडा परत मायदेशी लागू होतो का, हे तपासायला दुसरं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलच्या नगरपरिषदेने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, आणि ऑक्टोबरात गव्हर्नरने त्यावर सही करायला नकार दिला. या दोन्ही वेळी बाजूने आणि विरोधात झगडणारे बहुतांशी भारतीयच होते. वर्णभेदाविरुद्धच्या कायद्याचं छत्र ज्यांना हवंहवंसं वाटतं, त्यांच्यातल्याच कितीकांना जातीचा शब्द त्या कायद्यात आलेला नको होता. विरोधकांचा युक्तिवाद असा की सध्याचे कायदे पुरेसे आहेत आणि वेगळा उल्लेख केला तर एका समाजावर ठपका बसेल. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही, पण ते ऐकताना मला इथला आवाज ऐकू येतो. खालच्या पायरीचा अनुभव गाठीशी असूनही वरच्या पायरीची सवय सुटलेली नाही.

कैवारी : आणि त्या विधेयकासाठी झगडणारेही परदेशस्थच होते, ते तुम्ही चटकन ओलांडून गेलात. त्यांच्यात आंबेडकरी मंडळी होती. त्यांचं इथल्या अशांततेबद्दलचं मत तुम्ही चार हात लांब ठेवणार का?

शंकेखोर : नाही ठेवणार. त्यामुळेच माझी पंचाईत झाली आहे. एकाचं मत ऐकायचं, दुसऱ्याचं टाळायचं, आणि दोघांचा पत्ता एकच. मग निदान एवढी कसोटी लावू की ज्याचं इथे काहीतरी अडकलेलं आहे, इथे काही बिघडलं तर ज्याला त्याची झळ बसेल, त्याचं ऐकायचं. इथे ज्याची जमीन आहे, घर आहे.

कैवारी : पैसा मोजायचा असेल तर जुलै २०२४ चंच घ्या. बांगलादेशी स्थलांतरितांनी सरकारी मार्गाने पैसे पाठवू नका असं आवाहन केलं आणि त्या महिन्यात देशात येणारी रक्कम जूनमधल्या २५४ कोटी डॉलरवरून १९१ कोटींवर आली. इंटरनेट आणि बँका बंद होत्या हेही त्यामागे होतं, पण सरकारला धडकी भरायला तेवढं पुरलं. पुढे त्या देशाने परदेशातल्या नागरिकांना टपालाने मत देण्याची सोय करायला घेतली. आपल्याकडे अनिवासींची रक्कम जगात सर्वांत मोठी, आणि मत द्यायचं तर मात्र गावच्या केंद्रावर हजर व्हा. पण तुमची कसोटी पैशावर किंवा जमिनीवर थांबली तर ती कुणाला आत घेईल आणि कुणाला बाहेर काढेल ते नीट पाहा. बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो ऊसतोड मजूर कोल्हापूर, सांगलीपासून कर्नाटकापर्यंत जातात. तेही घर सोडून गेलेले, गावात काही पेटलं तर फोनवरच कळणारे. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं तेव्हा गाळप हंगाम सुरू झालेला होता. कोयता खाली ठेवून गावी यायचं तर मजुरी बुडते, मुकादमाची उचल अंगावर असते ती वेगळीच. परराज्यात गेलेल्यांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचं प्रात्यक्षिक जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने दाखवायचं ठरवलं, राजकीय पक्षांनी आक्षेप घेतले आणि ते बाजूला पडलं. अशा मजुराचं मत तुम्ही ऐकाल ना?

शंकेखोर : त्याचं आधी ऐकेन. एप्रिलमध्ये तो गावातच परतणार आहे.

कैवारी : आणि नाही परतला तर? पिंपरीच्या, चाकणच्या वस्त्यांत मराठवाड्यातून आलेले आणि तिथेच राहिलेले कमी आहेत का? पाच वर्षं झाली तर चालेल, पंचवीस झाली तर नाही, असं काही तुमच्या मनात आहे का? जमिनीचंच म्हणाल तर न्यू जर्सीच्या अभियंत्याचा सात-बारा मुळशीत शाबूत आहे, आणि प्लॉटचा भाव पडू नये म्हणून त्याला इथे शांतताच हवी आहे. ऊसतोड मजुरांतल्या कितीकांच्या नावावर गुंठाही नाही. तुमच्या कसोटीवर पहिला आत राहतो आणि दुसरा बाहेर पडतो.

शंकेखोर : जमीन नको मग. पण झळ कुणाला बसते हे मोजायला जमीन नाही, मतपत्रिका नाही, मैल नाहीत, तर दुसरं काय घ्यायचं ते तुम्हीच सांगा.